समाप्तच्या आधीचं एक रीळ

सातारा-सांगलीकडे जाऊन आलो म्हटल्यावर आमच्या गावात ज्यानं त्यानं एकच विचारलं, "तिकडं ऊस केवढा उंच असते जी?" ऊस पाहिला मी. माणूस आत शिरला तर दिसत नाही एवढा उंच. पण त्या मुलखातून जे घेऊन आलो ते उसाचं नाही. ते कुणाला बसून सांगावं तर लोक हसतात, म्हणून लिहून काढतो.

आधी माझी ओळख सांगतो. मी भंडाऱ्याकडचा, वैनगंगेच्या काठचा. सातवीतून शाळा सुटली. पुढं एका टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडत होतो. त्या मालकांनी पुण्याच्या एका शेठजींकडे माझ्यासाठी शब्द टाकला. शेठजी सिनेमे गावोगाव पाठवायचा धंदा करतात. सातवी सोडलेल्या माणसाला त्यांनी खुर्ची दिली, दोन वेळच्या जेवणाची सोय केली, आणि एक दिवस म्हणाले, "पेट्या घेऊन सातारा-सांगली करून ये." रिळांच्या पत्र्याच्या पेट्या सोबत न्यायच्या, खेळ होईस्तोवर त्यांच्याजवळ बसायचं, आणि एकही डबा न हरवता परत आणायच्या. एवढं मोठं काम कुणी माझ्यावर टाकेल असं मला वाटलं नव्हतं. उपकार वाटले आणि भीतीही वाटली. दुष्काळ सरल्याच्या पुढल्या वर्षीची, होळीच्या आधीची ही गोष्ट.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. तो अजून कुठं ना कुठं चालतोय आणि मी त्याच कचेरीत आहे. कथा मात्र सांगायलाच हवी. एका सोशिक बाईचा नवरा दारुडा. बाहेरच्या बाईपायी तो घर बुडवतो. एकदा तो चुलीतलं जळतं लाकूड उचलून बायकोचा हात भाजतो, आणि पडद्यावर मनगटापासून कोपरापर्यंत काळा डाग दिसतो. मग तो तिला लेकरासकट पावसात बाहेर काढतो. बाई खडी फोडते, मूल वाढवते. सगळा सिनेमाभर नवरा तसाच. शेवटच्या रिळात त्याला मोटार धडकते. बायको दवाखान्यात धावते, तो हात जोडतो, ती त्याच्या पायांवर डोकं ठेवते, आणि लगेच पुढच्या दृश्यात तिघं मिळून गणपतीची आरती करतात. समाप्त. हे मी कितीदा पाहिलं असेल, दर वेळी माझे डोळे भरून यायचे. इतकं मोठं मन, मला वाटायचं, बाईचंच असतं.

शिरवळ

पुण्याहून निघालेली एसटी शिरवळला चहाला थांबली. पेट्या टपावर होत्या. सगळे चहा पीत होते आणि मला घोट उतरेना. शेवटी शिडीवरून वर चढलो आणि एकेका पेटीला हात लावून बघू लागलो. तेवढ्यात गाडी हलली. मी टपावर आडवा, पेट्यांना मिठी मारलेली.

"ओ पाव्हणं!" खालून कंडक्टर ओरडला, "साताऱ्यापातूर वरनंच येता काय? गार वारा लागतोय, मजा हाय!"

खाली उतरलो तेव्हा अख्खी गाडी हसत होती. एका म्हाताऱ्या बाईनं मात्र शेजारी जागा करून दिली आणि विचारलं, "काय हाय रं पेटीत येवढं?" सिनेमा, म्हटलं. तिनं पेटीच्या दिशेनं हात जोडले. देवाचा असेल असं तिला वाटलं असावं. मीही तसं वाटू दिलं.

सातारा

साताऱ्यात सकाळी थंडी होती. आमच्याकडे त्या दिवसांत ऊन तापायला लागतं, इथं लोक घोंगड्यात. स्टँडवरून मान वर केली की किल्ला अंगावर आल्यासारखा दिसतो. खानावळीत भात मागितला तर वाढणारा म्हणाला, "भात शेवटाला. आदी भाकरी." भाताच्या मुलखातून गेलेल्या माणसाला भाताची वाट बघत बसावं लागतं हे मला नवीन. आमटीचा पहिला घोट घेतला आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं. समोर बसलेल्या माणसानं त्याच्या पुडीतला कंदी पेढा न विचारता माझ्या ताटात ठेवला.

हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले हवालदार. मिशा मोठ्या, बोलणं त्याहून मोठं. संध्याकाळी खेळाला आले आणि माझ्याच शेजारी बसले. शेवटच्या रिळाला ते उघड रडले. टाळ्याही त्यांनीच आधी वाजवल्या.

"शेवट ग्वाड पायजे गड्या," बाहेर येऊन नाक पुसत ते म्हणाले. "रडत घरला जायला आमी काय येडं हाय? जिंदगीभर परेड चुकली तरी शेवटाला सलाम बरोबर बसला की साहेब खूश."

मला ते फार पटलं. एवढं सोपं मी कधी मांडू शकलो नसतो.

सांगली

सांगलीचा वास आधी येतो, गाव मागून दिसतं. हळदीचा मोसम होता. पेठेत हमालांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे, बैलांच्या पाठी पिवळ्या. एका दुकानदारानं सांगितलं की इथं हळद जमिनीत खोल पेवं खणून ठेवतात, पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, आतली हवा मारते. मला आमच्याकडच्या धान साठवायच्या ढोल्या आठवल्या. त्यात लपून बसलेल्या पोराला आई कान धरून काढते, एवढंच काय ते भय. कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खाल्लं, घरी पत्र लिहिलं की सुखात आहे, पेट्याही सुखात आहेत.

थिएटर भरलेलं होतं. खिडकीशी एक फेटेवाला शेतकरी चार तिकिटं घेत होता. त्यानं मला सिनेमावाला म्हणून ओळखलं.

"भैन माहेरी येऊन बसलीया," तो म्हणाला. "नांदायला जा म्हटलं की तोंड फिरवती. आता ह्यो शिनेमा दावतो तिला. आमच्या भावकीतली एक सून हे बघूनच गेली की सासरी, मुकाट!"

खरं सांगतो, माझी छाती फुगली. आपण पेट्या वाहतो म्हणजे नुसत्या पेट्या वाहत नाही, मोडलेले संसार जोडत चाललो आहोत. शेठजींना हे सांगायचं असं मनाशी ठरवून टाकलं.

जतकडे

मिरज मागं पडली आणि ऊस सरला. मग हिरवंच सरलं. माळ, मेंढरं, आणि मधेच रस्त्याकडेला ओळीनं मांडलेल्या घागरी. घागरींजवळ माणूस नाही. टँकर येईल तेव्हा माणसं येतील, तोवर घागरी रांगेत उभ्या. नदीकाठच्या माणसाला हे बघवत नाही. एसटीत कंडक्टर निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलत होता, आणि एकाच बाईला आधी एका भाषेत रागावून दुसऱ्या भाषेत समजावत होता.

मला उतरायचं होतं ते जत तालुक्यातलं एक बाजारगाव. तिथं पत्र्याच्या लांब गोदामात सिनेमा चालतो. मालक मल्लूआण्णा. त्यांनी माझ्याआधी पेट्यांचं स्वागत केलं, मग मला पिठलं-भाकरी घातली. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ फक्त बायकांचा, असा तिथला रिवाज. आसपासच्या वाड्यांतून बायका गाड्या जुंपून येतात, दारं लावून आत काळे पडदे सोडतात. आणि अंधार पडायच्या आत गाड्या माघारी लागायला हव्यात, म्हणून मल्लूआण्णा कधीकधी मधलं एखादं रीळ लावतच नाहीत.

"गाण्याचं रीळ गाळायचं," ते डोळा मिचकावून म्हणाले. "कुणाच्या बाचं काय जातंय?"

मी घाबरून हातच जोडले. "आमचं एकही गाळू नका जी. माझी नोकरी जाईल."

"बरं बाबा, न्हाई गाळत. लय भित्रा गडी हायेस तू."

त्या दिवशी खरंच एकही रीळ गाळलं नाही. मी ऑपरेटरच्या खोपटात उभा राहून प्रत्येक डबा स्वतः त्याच्या हातात दिला. पुढं जे झालं त्यासाठी हे ध्यानात ठेवा.

तिथं मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागतात आणि दुसरं चढेपर्यंत बायका बोलून घेतात. शहरात असं होत नाही, तिथं गोष्ट एका दमात डोळ्यांपुढून जाते. इथं प्रत्येक रिळानंतर पंचायत. भिंतीतल्या भोकातून मला सगळं दिसत-ऐकू येत होतं. इरकली लुगड्यांच्या रांगाच रांगा, मांडीवर पोरं, भुईमुगाच्या टरफलांचा सडा. हात भाजला तेव्हा दिवे लागल्यावर एकीनं पडद्याकडं चप्पल उगारली. शेवटच्या रिळाच्या आधी तर नवऱ्याला काय शिक्षा द्यायची यावर जुंपलीच.

"टँकरमागं पळवा त्याला, घागर डोक्यावर घिऊन!"

"नगं गं, घागर फोडंल मुडदा!"

हशा पिकला. दिवे गेले. शेवटचं रीळ सुरू झालं. मोटार, दवाखाना, हात जोडणं, पाय, आरती. समाप्त. दिवे लागले.

टाळी नाही. रडणं नाही. आणि कुणी उठेना. बायका तशाच पडद्याकडं बघत बसून राहिल्या.

"संपला!" मल्लूआण्णा दारातून ओरडले. "गाड्या जुपा, दिस कलला!"

तेव्हा मधल्या रांगेतून एक बाई उठली. पंचविशीची असेल. एक हात कोपरात वाकलेला, तो सरळ होत नव्हता. त्याच वाकल्या हाताच्या घडीत तिनं लहान पोर धरलं होतं.

"संपला कसा आण्णा?" ती म्हणाली. "मदलं रीळ कुठं हाय?"

"कंचं मदलं?"

"त्यो सुधारला त्ये. आदीच्या रिळात लाथा घालत हुता, ह्या रिळात हात जोडतोय. मदी कवा सुधारला? आन् तिच्या हाताचा डाग? आरतीचं ताट धरलंय तो हात बगा की. गोरापान. कवा बरा झाला? कुणी औशद लावलं? गाळलंसा तुमी त्ये रीळ. गाण्याचं गाळता तसं."

"व्हय व्हय! गाळलंय!" सगळ्या बायका उठल्या. "रीळ दावा! आमी पोरंबाळं घिऊन दोन कोस आलोय!"

मी हातातला डबा खाली ठेवला. बायकांच्या गलक्यामुळं नाही. इतक्या वेळा मी तो सिनेमा पाहिला, रडलो, आणि आरतीच्या ताटाखालचा तो हात मला एकदाही दिसला नव्हता. डाग नव्हताच. नटीला तो लावायला विसरले असतील, किंवा शेवट गोड म्हणून मुद्दाम पुसला असेल. मी पेट्यांचा माणूस. पेट्यांत काय आहे ते एका बाईनं एका बैठकीत ओळखलं आणि मी ते पाठीवरून वाहत होतो.

मल्लूआण्णांनी बोट माझ्याकडं केलं. "ह्येला इचारा! मी काय बी गाळलं न्हाई."

मी पेट्या दारात आणून उघडल्या. डब्यांवरचे आकडे वाचून दाखवले. एक म्हातारी पुढं येऊन बसली आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावरून हात फिरवू लागली. ही त्या बाईची सासू, गौरव्वा. बाईचं नाव रत्नव्वा. गर्दीतून मला हळूहळू कळलं ते असं: रत्नव्वाचा हात नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला होता. ती माहेरी गेली ती परतली नाही. तिनं काडीमोड मागितली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच गावात पंच बसणार होते. पंचांतल्याच कुणी सुचवलं, आधी सुनेला हा सिनेमा दाखवून आणा, बघून शाणी होईल. म्हणून सासू स्वतः गाडी जुंपून सुनेच्या माहेरी गेली आणि तिला घेऊन आली. सांगलीच्या फेटेवाल्यासारखीच. माझी छाती फुगली होती ती याच गोष्टीवर.

"ह्यात न्हाई व्हय?" गौरव्वानं शेवटच्या झाकणावर हात ठेवून विचारलं.

"नाही जी. ते काढलंच नाही त्यांनी."

तिनं झाकण दाबून नीट बसवलं. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "माजं मालक बी शेवटाला हात जोडून बसलं हुतं. खाटंवरनं उठता येईना तवा. मदलं रीळ मलाबी कुणी दावलं न्हाई."

पिंपळाच्या पारावर

सकाळची एसटी मला गाठायची होती. पण पेट्या बांधत असतानाच बोलावणं आलं. शिनेमावाल्याला पंचांनी बोलावलंय. परमुलूख, ओळखीचं कुणी नाही, आणि शेठजींच्या सिनेमावर रीळ गाळल्याचा बोभाटा झाला तर मी काय तोंड दाखवणार? वाटेत मल्लूआण्णांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"ह्ये बग," ते म्हणाले. "सांगून टाक, रीळ पुण्याला ऱ्हायलं म्हनून. फुडल्या बाजाराला आणून दावतो म्हन. बाई तवर नांदायला जाती, घर मिटतंय, तुज्या शेठचं नाव ऱ्हातंय. कुणाच्या बाचं काय जातंय?"

खोटं नाही सांगत, वाटेभर मला ते बरंच वाटलं. सगळं गोड. माझंसुद्धा.

पारावर पाच-सहा म्हातारे होते. मुख्य पंच भीमूतात्या. खाली एका बाजूला रत्नव्वा आणि तिचा बाप, दुसऱ्या बाजूला नवरा बाळाप्पा. दिसायला साधा, मान खाली घातलेला माणूस, हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. पडद्यावर असल्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही. त्याच्यामागं गौरव्वा, नातू मांडीवर.

"पाव्हणं," भीमूतात्या म्हणाले, "ह्या बाईचं म्हननं असं हाय की नवरा सुधारल्याचं रीळ दावा, मग नांदायला जाते. तुमी शिनेमावालं. खरं काय त्ये सांगा. रीळ ऱ्हायलंय का?"

रत्नव्वा माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा उमगलं, ही हट्टाला पेटलेली नाही. असं रीळ असेल तर बघून, शिकून, ती जायलाही तयार आहे.

"नाही जी," मी म्हणालो. "राहिलं नाही, गाळलं नाही. तसं रीळ कुणी काढलंच नाही. आहे तेवढाच सिनेमा आहे."

मल्लूआण्णांनी कपाळाला हात लावला.

भीमूतात्या बाळाप्पाकडं वळले. "तू बोल. काय करनार हायेस?"

"ती आली की सुधारतो की," तो मान न वर करता म्हणाला.

"शिनेमात बी तसंच हाय तात्या," रत्नव्वा म्हणाली. "आदी बाई यिऊन पायावर पडती. मग गडी सुधारतोय."

भीमूतात्यांनी खाली वाकून कडब्याची एक काडी उचलली. काडीमोड हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. काडी खरोखर मोडतात हे मला माहीत नव्हतं. बोटभर वाळकी काडी आणि तिच्यात अख्खा संसार. नवऱ्यानं ती सगळ्यांसमोर मोडायची. बाळाप्पा हात पुढं करीना. तात्या काडी धरून बसले. माझा जीव एसटीत, आणि पाय उचलेना.

तेव्हा गौरव्वानं मांडीवरचं पोर खाली उतरवलं. उठली, तात्यांच्या हातातनं काडी घेतली आणि मुलाच्या मुठीत कोंबली.

"मोड."

"आये..."

"मोड म्हनते न्हवं. तुजा बा खाटंवर पडूस्तवर मी थांबले. हिनं कशाला थांबायचं?"

काडी मोडल्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना आलाही नसेल.

हा गोड शेवट म्हणून मी सांगत नाही. रिवाजानं मूल बापाकडं राहिलं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकून मी "असं कसं?" असं मोठ्यानं बोलून गेलो. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. रत्नव्वाला मात्र ठाऊक असणार. तिनं पोराच्या सदऱ्याची गुंडी लावली. एका हातानं, दुसऱ्याच्या नुसत्या बोटांचा आधार घेऊन, हळूहळू लावली. गौरव्वानं पोराला कडेवर घेतलं.

"दर बाजाराला आणीन त्याला," ती सुनेला म्हणाली. आता सून नसलेल्या सुनेला. "आण्णाच्या शेडापाशी ये. शिनेमा बगायला नगं. नुसती ये."

एसटी उशिरा आली म्हणून मिळाली. या खेपेला मी टपावर चढलो नाही.

पुणे

शेठजींनी माझ्यासाठी चहा मागवला. एवढ्या लांब, एकट्यानं जाऊन धड परत आलो म्हणून खूश होते. असा मालक कुणाला मिळतो? मी त्यांच्यासमोर कधी जास्तीचं बोललेलो नव्हतो.

"काय म्हणतात लोक आपल्या पिक्चरला?"

"चाललं जी. सातारा-सांगलीत टाळ्या पडल्या. जतकडे बायका एक रीळ मागत होत्या."

शेठजींचा चहाचा कप थांबला. "रीळ? डबा हरवलास की काय?"

ते उठले, खाली बसले आणि स्वतः एकेक पेटी उघडून डबे बाहेर मांडू लागले. आकडे जुळवले. पुन्हा एकदा जुळवले. जमिनीवर डब्यांची रांग लागली, आणि मी शेवटच्या दोन डब्यांच्या मधल्या फरशीकडं बघत उभा राहिलो.

"सगळे तर आहेत," ते वर बघून म्हणाले.

"हो जी," मी म्हणालो. "तेवढेच आहेत."